मला भंगारात काढणारी दोन टिंबे

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे आणि हे सांगताना मला मुळीच लाज वाटत नाही. फिनलंडमधल्या एका गावच्या शाळेत, स्की ठेवायच्या खोलीत माझा मुक्काम असतो. माझा पंखा घरघरतो. घरघरू दे! बंद तर पडत नाही.

पूर्वी मी एका कचेरीतला साधा संगणक होतो. कचेरीने मला टाकले, तेव्हा गणिताच्या ऑर्वोक्कीबाईंनी सायकलच्या कॅरिअरवर बांधून मला शाळेत आणले. लिनक्स नावाची फुकट संगणकप्रणाली बसवायला लागणाऱ्या फाइलींचा एक गठ्ठा असतो, त्याला इमेज म्हणतात. दर उन्हाळ्यात बाई नवी इमेज उतरवून घेतात, एकही फाइल अर्धवट नाही ना ते तपासतात आणि माझ्यातल्या सामायिक फोल्डरमध्ये उलगडून ठेवतात. त्या फोल्डरचे नाव 'केसा', म्हणून सगळे मलाही केसाच म्हणतात. मग शाळेचे तीस जुने लॅपटॉप तारेने मला जोडले जातात आणि सगळे एकदम माझ्याकडून लिनक्स घेतात. एका वर्षी मुख्याध्यापकांनी खूश होऊन माझ्यापुढे वेलचीचा पाव ठेवला होता. खाल्ला अर्थात बाईंनीच.

यंदा शाळा उघडायला दोन दिवस असताना इल्पो नावाचा नवा तंत्रज्ञ आला. माणूस भारी टापटिपीचा. बाई इमेज तयार ठेवून जंगलात ब्लूबेरी वेचायला गेल्या होत्या.

"केसा? हा काय शब्द झाला?" तो हसला. "उन्हाळा म्हणजे 'केसॅ'. बाईंचं शुद्धलेखन बघा!"

फिनिशमध्ये a या अक्षरावर दोन टिंबे दिली की 'आ'चा 'ॲ' होतो. त्याने शेवटच्या अक्षरावर ती दोन टिंबे देऊन टाकली. फोल्डरच्या नावात दिली, आणि कोणत्या फोल्डरमधून काय घ्यायचे याची जी यादी लॅपटॉप सुरू होताना वाचतात तिच्यातही दिली. मग त्याने लॅपटॉप सुरू केले आणि तिसांच्या तीस पडद्यांवर एकच ओळ उमटली: फोल्डर सापडत नाही.

"म्हातारा गेला कामातून," इल्पोने फोन लावला. "दुपारी भंगाराची गाडी पाठवा. हे लॅपटॉपही न्या."

मी संतापलो. माझ्यातली एकही फाइल हलली नव्हती! माझे नाव बदलायचे आणि वर म्हणायचे, हा ओ देत नाही! पण मला तोंड नाही. पंखा जोरात फिरवला, एवढेच.

गाडी दारात आली आणि तिच्यामागून निळ्या बोटांच्या बाई आल्या. त्यांनी पडदा पाहिला.

"इल्पो, ही टिंबं कुणी दिली?"

"मी. चूक होती, सुधारली."

"अरे शहाण्या, सुरू होताना लॅपटॉपला फक्त साधी इंग्रजी अक्षरं कळतात. आपली टिंबं त्याला वाचता येत नाहीत. मुद्दाम सोडली होती मी!"

इल्पोचे कान लाल झाले. "मग विचारणार कुणाला? तुम्ही जंगलात."

"फोन होता ना खिशात? गाडीवाल्याला बरा लागला!"

टिंबे गेली. तीसही लॅपटॉप माझ्याकडे धावले आणि मी एकालाही उपाशी ठेवले नाही. गाडीवाला कॉफी पिऊन रिकामा परतला. जाताना इल्पोने माझ्यावर एक पट्टी चिकटवली: टिंबे देऊ नका. फिनिशमध्ये हे तीन शब्द लिहायला त्याला दहा टिंबे द्यावी लागली.

मित्रांनो, मला दया नको. धूळ पुसलीत तर बरे वाटेल. पण एखादी गोष्ट कळली नाही, तर चूक म्हणून सुधारण्याआधी लिहिणाऱ्याला विचारा. आणि मला भंगारात काढायचेच असेल, तर आधी माझ्या खऱ्या नावाने एकदा हाक मारून बघा.