खालून येणारी हाक

मित्रांनो, मी एक जुना रिसीव्हर आहे. फोटो स्टुडिओतल्या फ्लॅशच्या पायाशी बसणारा, काडेपेटीहून थोडा मोठा असा काळा डबा. माझा जोडीदार ट्रिगर कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसतो. फोटोग्राफरने बटण दाबलं की तो बिनतारी हाक मारतो, मी ओ देतो आणि फ्लॅश पडतो. हाक कोणाची, हे मला कळत नाही. नंबर जुळला की ओ द्यायची, एवढंच मला शिकवलेलं आहे.

कारखान्यातून आम्ही एकाच खोक्यात निघालो, दोन ट्रिगर आणि दोन रिसीव्हर. दोन भावांच्या स्टुडिओत येऊन पडलो. थोरला फोटो काढायचा, धाकटा लाईट लावायचा. धाकट्यानेच आईला दाखवत दाखवत आमच्या पोटातल्या बारीक कळा सरकवून चौघांना तीन नंबर दिला. त्याआधी तिथे लांबलचक वायर होती आणि तिच्यात पाय अडकून एक वकीलसाहेब कोटासकट आडवे झाले होते. त्यामुळे आमचं कौतुक फार. "हे पठ्ठे कधी दगा देत नाहीत," असं थोरला येईल त्याला सांगायचा. डब्याला छाती नसते, तरी माझी फुगायची.

मग भावांचं बिनसलं. कारण सांगायलाही लाज वाटते. नव्या पाटीवर कोणाचं नाव आधी, यावरून शब्दाने शब्द वाढला. धाकट्याने त्याच इमारतीत तळमजल्यावर गाळा घेतला. लाईट वाटले, पडदे वाटले, स्टुलंसुद्धा वाटली. आमच्यातले दोघे, एक ट्रिगर आणि एक रिसीव्हर, खाली गेले. आई थोरल्याकडे, स्टुडिओच्या मागच्या खोल्यांत राहिली, कारण तिला जिना उतरणं जमत नव्हतं. धाकटा वर यायचा बंद झाला. दोघांनी एकमेकांशी बोलावं, एवढी एकच इच्छा तिला उरली होती. ती रोज थोरल्याला म्हणायची, "अरे, एकदा खाली जाऊन ये." तो म्हणायचा, "तो लहान आहे, त्याने यावं."

तेव्हापासून माझे वाईट दिवस सुरू झाले. थोरला बटण दाबायचा आणि फ्लॅश पडायचाच नाही. फोटो काळाकुट्ट. आणि कधी कोणी कॅमेऱ्याला हातही लावलेला नसताना लख्खकन उजेड पडायचा. समोर बसलेलं तान्हं बाळ दचकून भोकाड पसरायचं. थोरल्याने सेल बदलले. माझा पाय खोडरबराने घासला. फ्लॅश झोपतो की काय म्हणून त्याला सारखा जागा ठेवला. स्टँड इकडचा तिकडे केला. शेवटी सगळे करतात तेच त्यानेही केलं. माझ्या थोबाडीत दोन लगावल्या. मित्रांनो, मार खाऊन कोणाचा दोष गेल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

आई दुपारी गिऱ्हाइकांच्या खुर्चीत येऊन बसायची. फ्लॅश आपोआप पडला की तिचा चेहरा खुलायचा. "धाकट्याकडे गिऱ्हाईक आलं बघ," ती म्हणायची. थोरल्याला वाटायचं, म्हातारीला भ्रम झाला.

भ्रम नव्हता. रिपेरीवाला आला, त्याने माझं पोट उघडलं आणि विचारलं, "याच जातीचा संच आसपास कोणाकडे आहे का?"

"खाली. माझ्या भावाकडे."

"मग झालं तर! त्याने बटण दाबलं की तुमचा फ्लॅश पडतो. लगेच तुम्ही दाबलं तर हा रिकामा, भरायला वेळ लागतो. तुम्ही दाबलं की त्याचंही तेच होत असणार. खाली जाऊन बोलून घ्या, एकाने नंबर बदला."

"बोलायचं कशाला? आमचाच बदला," थोरला म्हणाला.

बारीक कळ सरकली आणि मी सुधारलो. त्या दिवसापासून एकदाही चुकलो नाही. थोरला पुन्हा माझी तारीफ करू लागला.

पण दुपारी आई खुर्चीत येऊन बसायची आणि उजेड पडायचा नाही. तास जायचा, दोन तास जायचे. "धाकट्याकडे कोणीच येत नाही का रे? धंदा बसला का त्याचा?" ती विचारायची. तिला जेवण जाईना. खरं सांगायची थोरल्याची हिंमत होईना. मग त्याने एक युक्ती काढली. ट्रिगर खिशात ठेवून तो गुपचूप त्याच्यावरचं बटण दाबायचा. मी ओ द्यायचो. "आलं बघ गिऱ्हाईक," तो म्हणायचा. आई मान हलवायची, हसायची मात्र नाही. मला फार वाईट वाटायचं, पण ओ न देणं माझ्या हातात नव्हतं.

एका दुपारी खाली टेम्पो लागला. त्यात लाईटच्या छत्र्या, पडदे, स्टुलं चढू लागली. थोरल्याने खिडकीतून पाहिलं आणि घाईघाईने खिशात हात घातला. मी ओ दिली, उजेड पडला.

"हात काढ खिशातून," आई म्हणाली. "गुडघे गेलेत माझे, डोळे नाही. तो चाललाय. जा खाली."

थोरला अनवाणी धावत सुटला. माझा स्टँड खिडकीशीच होता, म्हणून खालचं बोलणं मला ऐकू आलं.

"न सांगता निघालास?"

"तूच सांगितलंस की, दादा."

"मी? मी कधी बोललो?"

"इतके दिवस तुझ्याकडे फोटो निघाला की माझा लाईट पडायचा. नंबर मीच लावलेला, मला कळत नव्हतं का? माझेही फोटो काळे यायचे. परत काढायचो. म्हटलं, बोलत नाही, पण दादा वर आहे. मग एक दिवस सगळं बंद झालं. म्हटलं, दादाने मला तोडलं."

"अरे, मला ठाऊक नव्हतं रे," थोरला म्हणाला. "मला वाटलं, बिघाड आहे."

धाकटा वर आला. आईजवळ बराच वेळ बसला. तिघेही रडले. पण दूरच्या गावात जागा ठरली होती, गाळ्यात दुसरा भाडेकरू येणार होता. टेम्पो थांबला, तो दुपार सरेपर्यंतच.

परवा एक बाई म्हणाल्या, "तुमचा लाईट अगदी अचूक पडतो हो." थोरल्याने मान खाली घातली.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना जरूर सांभाळा. सेल बदला, धूळ पुसा, आणि चापट मारण्याआधी नंबर बघा. पण तुमचं एखादं माणूस बोलेनासं झालं, तर त्याच्या मनात काय असेल याचे अंदाज बांधत बसू नका. माझ्या पोटात एवढीशी कळ आहे, तिला कसलीच समज नाही. तुम्हाला तोंड आहे, पाय आहेत. मधे फक्त एक जिना असेल, तोवर उतरून जा.