सात नंबरची फाइल

जगातला सगळ्यात मोठा गिटारवाला कोण, यावर सौंदडजवळच्या एका तलावाच्या पाळीवर, बांधावर बसून, जेवढी भांडणं झाली, तेवढी तिकडे विलायतेतही झाली नसतील. भांडणारी टाळकी तीन. गुड्डू मेटलचा भक्त, टीना पंकची आणि हिमांशू रॉकचा. तिघंही एकाच गावची, गोंदियाच्या कॉलेजात एकाच गाडीने जाणारी, आणि तिघांत मिळून गिटार एकच, ती हिमांशूची. बाकीच्या दोघांना वाजवता येत नव्हतं, पण तेवढ्यावरून कोणाचं तोंड कधी बंद झालंय?

"टोनी आयोमी," गुड्डू म्हणायचा. "कारखान्यात दोन बोटांचे शेंडे गेले त्याचे. त्यानं बोटांवर प्लास्टिकच्या टोप्या चढवल्या अन् मेटल उभं केलं. तुम्ही लोक काटा रुतला तं आठ दिवस घरी बसता."

"अबे, दया अलग, वाजवणं अलग," टीना त्याला उडवून लावायची. "जॉनी रॅमोनचा हात पाह्य. वरून खाली, वरून खाली, धान झोडपल्यावानी. फालतूचा नखरा नाही."

"हेंड्रिक्सनं गिटार उलटी धरून जे केलं, ते तुमच्या देवायले सरळ धरूनही जमलं नाही," हिमांशू म्हणायचा, आणि मग जे पेटायचं ते तलावावरची बगळ्यांची रांग उठून जाईपर्यंत. एकदा टीना तीन दिवस गुड्डूशी बोलली नव्हती, कारण त्याने पंकला 'शिकाऊ लोकांचं काम' म्हटलं होतं.

एकाच गोष्टीवर तिघांचं एकमत होतं, ती म्हणजे सात नंबरची फाइल.

गुड्डूच्या काकाचं, खुशालकाकाचं, सौंदडला मोबाइलचं दुकान. स्वस्त इंटरनेट येण्याआधी लोक तिथे मेमरी कार्डात गाणी भरून न्यायचे. काकाच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये हिंदी, मराठी, भजन, नाटक असे फोल्डर होते आणि एक होता 'इंग्लिश'. काकाला जे कळत नसे, ते सगळं तो इंग्लिशमध्ये टाकायचा. त्याच फोल्डरात गुड्डूला ही फाइल सापडली होती. तिला नाव नव्हतं, नुसता सात आकडा. जेमतेम तीन मिनिटांचं वाजवणं, तेही चोरून टेप केल्यासारखं, खरखरीत. आधी गर्दीचा गलका, शिट्ट्या. मग गर्दी एकदम गप्प, आणि एकटी गिटार.

ती गिटार ऐकताना पहिल्या वेळी हिमांशूच्या अंगावर काटा आला होता, आणि दोन वर्षं झाली तरी तो येणं थांबलं नव्हतं. आवाज फाटलेला, जाड, पण त्या फाटक्या आवाजात वाजवणारा इतकं हळुवार बोलत होता की ऐकणाऱ्याने श्वास धरून ठेवावा. घाई म्हणून नाही. एकेक सूर तो असा ठेवत होता, की हा इथे ठेवल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही. आणि शेवटी तर कमाल होती. गिटार थांबायची. क्षणभर काहीच नाही. मग एक उंच, चिरका सूर उठायचा, थरथरायचा, मोडायचा. आणि लगेच तोच सूर पुन्हा, पण आता गोल, भरलेला, हळूहळू खाली उतरणारा. त्यावर गर्दीची एकच आरोळी, आणि फाइल संपायची.

आवाज फाटलेला म्हणून तो मेटलवाला, हे गुड्डूचं म्हणणं. रेकॉर्डिंग इतकं भंगार म्हणजे स्टुडिओला लाथ मारलेला माणूस, म्हणून पंक, हे टीनाचं. गाणं ओळखून देणारं अ‍ॅप होतं, त्याने तर दर वेळी हात टेकले. कोणी का असेना, हा आपल्या तिन्ही देवांच्या पंगतीत बसणारा माणूस आहे, हे मात्र तिघंही मान्य करत. टीनासारखी पोरगी डोळे मिटून म्हणायची, "यार, हा कोन असन?"

हिमांशूने ते सगळं वाजवणं सुरासूर बसवलं होतं. फक्त तो चिरका सूर त्याच्या हाती लागत नव्हता. त्यापायी त्याने कितीतरी तारा तोडल्या. दुसरा, गोल सूर यायचा. पहिला काही केल्या येत नव्हता. माणसाची बोटं असं करूच कशी शकतात, या विचाराने त्याला रियाज सोडून नुसतं बसून राहावंसं वाटे.

त्याच्या मनात आणखी एक गोष्ट होती, ती मात्र त्याने पाळीवर कधी काढली नव्हती. त्याचा बाप, दुधराम, झाडीपट्टीतल्या एका नाटक कंपनीत गिटार वाजवायचा. हिमांशू पाऊल टाकायला शिकत होता तेव्हा तो तापाने गेला. घरात एक फोटो होता, गळ्यात गिटार अडकवलेला, हसणारा. जो भेटेल तो म्हणे, "तुहा बाप काय वाजवे गा!" पण मेलेल्या माणसाबद्दल 'बरा नव्हता वाजवत' असं कोण सांगतं? हिमांशूला या जगात एकच गोष्ट हवी होती, बापाचं वाजवणं एकदा कानांनी ऐकायचं होतं. त्याने कंपनीची जुनी माणसं शोधली, दारोदार विचारलं. कोणाकडे काही नव्हतं. आणि आतून तो घाबरतही होता. समजा काही सापडलं आणि ते साधंच निघालं, तर?

आईला, गंगाला, विचारण्यात अर्थ नव्हता. घरात त्याने गिटारवर हात ठेवला की ती उठून मागच्या सांदीत निघून जाई. तिला हा नाद आवडत नाही, असं त्याने ठरवून टाकलं होतं. एम्प्लिफायर गुड्डूच्या घरी होता, म्हणून वाजवणं सगळं तिकडेच चाले आणि घरी ऐकणं कानात इअरफोनची बोंडं घालून.

भाऊबीज झाली आणि गावोगावच्या मंडया सुरू झाल्या. मंडई म्हणजे झाडीपट्टीची जत्रा. प्रत्येक गावाचा आपला दिवस, त्या दिवशी घरोघर पाहुणे, चौकात दुकानं, दिवसा ढोलावर नाचत-गात होणारी दंडार आणि रात्री नाटक. त्यांच्या गावच्या मंडईला गुड्डू आणि टीना दुपारी हिमांशूकडे जेवायला आले. गंगाने रस्सा केला होता, वडे तळणं चालू होतं. गुड्डूने नवा स्पीकर आणला होता, नारळाएवढा, पण आवाज असा की शेजारची म्हैस दावं ओढायला लागली.

"आज फैसला," तो अंगणातल्या खाटेवर बसून म्हणाला. "सात नंबर मोठ्या आवाजात ऐकाचा, अन् मेटल आहे हे कबूल कराचं."

"घरी नको," हिमांशू म्हणाला. "आई आहे."

"आई वडे तळून राहिली. बाहेर एवढी दंडार वाजून राहिली, तिले काय आयकू येते?" असं म्हणत गुड्डूने लावलंसुद्धा.

गलका, शिट्ट्या. मग ती शांतता, आणि गिटार.

मोठ्या आवाजात ते आणखीच भयंकर सुंदर होतं. टीनाने हातातलं ताट खाली ठेवलं. हिमांशू नेहमीसारखा पुढच्या सुरासाठी श्वास धरून बसला. आणि त्याच्या लक्षात आलं, की स्वयंपाकघरातलं तळणं थांबलंय.

गंगा दारात उभी होती. हाताला पीठ, हातात झारा, त्यातून तेल उंबऱ्यावर ठिबकत होतं. हिमांशू स्पीकर बंद करायला उठला.

"राहू दे," ती म्हणाली. आवाज इतका वेगळा होता की तो जागच्या जागी थांबला. "कायले बंद करतं? राहू दे."

ती ऐकत होती. पण तिघं ऐकत तसं नाही. पुढचं माहीत असलेलं माणूस ऐकतं तसं. एका ठिकाणी, सूर येण्याच्या आधीच, तिची मान हलली. गिटार शेवटाकडे आली.

"आता तो थांबन," गंगा म्हणाली.

गिटार थांबली.

"आता तू रडशीन."

आणि तो चिरका सूर उठला. थरथरला, मोडला. दोन वर्षं तिघांनी ज्याच्यावर जीव टाकला, ज्याला गुड्डू मेटल म्हणे आणि टीना पंक, तो सूर अंगणभर घुमला, आणि हिमांशूला पहिल्यांदाच ते ऐकू आलं जे इतकं उघड होतं. ते पोर रडत होतं. भोकाड पसरलेलं तान्हं पोर.

"आता तुहा बाप," गंगा म्हणाली, आणि तिचा आवाज तिथेच फुटला.

दुसरा सूर आला. तोच, पण गोल, भरलेला, हळूहळू खाली उतरणारा. पोराचं रडणं गिटारने उचललं होतं, जवळ घेतलं होतं आणि शांत करून खाली ठेवलं होतं. गर्दीची आरोळी उठली. फाइल संपली.

बाहेर दंडारीचा ढोल चालू होता, तो लांबच्या गावातला वाटत होता. टीना रडत होती आणि पुसतही नव्हती.

गंगा उंबऱ्यावरच बसली. "आपल्याच मंडईचं नाटक होतं," ती सांगू लागली. "नाटकातली माय मरते, तवा सगळा बाजा बंद, अन् हा एकटा वाजवे. मी बायकाइत समोर बसली होती, तुले मांडीवर घेऊन. खुशालभाऊ बाजूलेच टेप घेऊन बसला होता, त्याले नाटकं टेप कराचा नाद. भोंगा फुटला होता त्या दिवशी, आवाज असा फाटका येऊन राहिला होता. तू उठला अन् असा रडला का लोक माह्याकडे पाहाले लागले. मले वाटलं, आता हे नाटक बुडवलं आपण. तं यानं तिकडून पाह्यलं, हसला, अन् तुह्यासारखाच रडला गिटारीवर. तू एकदम चूप. सारं गाव उठून उभं राह्यलं."

"आई, तू कधी सांगतलं नाही."

"काय सांगू? तू गिटार धरली का मले तो दिसे. म्हणून उठून जात होती."

बाप साधा निघेल म्हणून हिमांशूला भीती होती. आणि दोन वर्षं तो त्या माणसाला न ओळखता आपल्या देवांच्या पंगतीत बसवत आला होता, टीना-गुड्डूशी भांडून बसवत आला होता. एवढंच नव्हे. ते सगळं वाजवणं त्याने बसवलं होतं, एकेक सूर कुठे ठेवायचा ते शिकला होता. दोन वर्षं तो बापाच्याच हाताखाली शिकत होता. हे इतकं मोठं होतं की त्याला धड रडूही येईना.

गुड्डू स्पीकरकडे बघत होता. "काका ना, यार," तो हळूच म्हणाला. "जुन्या टेपा कॉम्प्युटरमध्ये चढवल्या, अन् हे कायचं ते नाही कळलं तं इंग्लिशमध्ये टाकून दिलं." मग, "मेटल नाही म्हणत मी. काहीच नाही म्हणत."

हिमांशू आत गेला आणि गिटार घेऊन आला. एम्प्लिफायर नव्हता, नुसत्या तारांचा बारीक आवाज. गुड्डूने स्पीकर बाजूला सारला. सगळे ऐकायला पुढे वाकले. गंगा उठून गेली नाही.

तो पहिल्यापासून वाजवू लागला. बोटं आपोआप जात होती. जिथे थांबायचं तिथे तो थांबला. तो चिरका सूर काढायचा प्रयत्न त्याने आज केला नाही; तो त्याचा वीस वर्षांपूर्वीच, याच गावात, आईच्या मांडीवर लावून झाला होता. तेवढी जागा त्याने मोकळी सोडली, आईकडे पाहिलं आणि बापाचा सूर लावला.