एक्केचाळीस नंबरचा धागा

भिंत पडली, दोन जर्मनींची एक झाली आणि दीड वर्षात पूर्वेकडच्या रोसविटाच्या कापडगिरणीला कुलूप लागलं. सत्तावीस वर्षं मागासमोर उभी राहिलेली बाई रोजगार कचेरीच्या बाकड्यावर बसायला शिकली. आता सात वर्षांनी पश्चिमेकडच्या कोलोनहून हेन्रिके नावाची कुणी कलाकार आली होती. रिकाम्या विणशाळेत म्हणे ती एकशे चाळीस धागे टांगणार, एकेका विणकरणीच्या नावाचा एकेक. गावाचं मत एकच: पश्चिमेकडच्यांनी आधी माग नेले, आता आमचं रडणंही न्यायला आले. पावाच्या दुकानात तिच्याशी कुणी धड बोलत नव्हतं.

उद्घाटनाच्या आदल्या सकाळी रोसविटाने खिशात कात्री टाकली. आपलं नाव कापून आणायचं, लोकांच्या तमाशाला ठेवायचं नाही, एवढंच तिने ठरवलं होतं.

विणशाळेत शिरली आणि पाय थबकले. फरशीवर मागांचे डाग अजून होते आणि जिचा माग जिथे, तिचा धागा तिथेच होता. खिडकीपाशी एक्केचाळीस, तो तिचा. शेजारी इर्मट्राउटचा, तीन वर्षांपूर्वी गेली बिचारी. ती डावखुरी, मागाच्या डाव्या अंगाला उभी राहायची, धागाही डावीकडेच. कामाच्या प्रत्येक पाळीतल्या बायकांनी ठेवलेल्या वह्यांत चिकटवलेले सहलींचे, वाढदिवसांचे, मागांवरचे फोटो गिरणीने कचऱ्यात फेकले होते. तेच आता भिंतीपाशी नंबरवार मांडलेले होते; या बाईने ते उचलून एकेकीची जागा शोधली होती. गावातल्या कुणाला हे सुचलं होतं का? रोसविटाला स्वतःचीच लाज वाटली.

प्रत्येक धागा छातीच्या उंचीवर तोडून, मागावर तुटलेला धागा जोडतात तसा पुन्हा गाठ मारून जोडलेला. पण निम्म्या गाठी निसटून धागे खाली पडले होते आणि बोटांना पट्ट्या बांधलेली हेन्रिके गुडघ्यांवर बसून ते पुन्हा बांधत होती.

"ही गाठ कुणी शिकवली तुम्हाला?"

"पुस्तकाने. शिकवायला कुणी दारच उघडलं नाही." तिने वर पाहिलं. "तुम्ही एक्केचाळीस ना?"

रोसविटाचे हात शिवशिवत होते. तिने एक धागा उचलला आणि बोटांनी तिला न विचारताच गाठ मारली. मग ती थेट पावाच्या दुकानात गेली आणि तिथल्या बायकांना चांगलं फैलावर घेतलं. दुपारपर्यंत अकराजणी जमल्या. कुणाची गाठ बारीक यावरून जुनी भांडणं नव्याने सुरू झाली. गाठीपुढे उरलेली धाग्यांची शेपटं कापायला हेन्रिकेची एकच कात्री हातोहात फिरत होती, तरी रोसविटाने आपली बाहेर काढली नाही.

संध्याकाळी बायका गेल्या. एकच धागा तुटलेला राहिला होता, एक्केचाळीस नंबरचा.

"खिशातली कात्री मी सकाळीच पाहिली," हेन्रिके म्हणाली. "कापायचा असेल तर कापा. नाव तुमचं आहे."

रोसविटाने दोन्ही टोकं हातात घेतली, गाठ मारली, ओढून पाहिली. मग कात्री काढून दोन्ही शेपटं गाठीलगत कापली.

"शेपटं ठेवू नयेत, पोरी," ती म्हणाली. "कापड खराब होतं."