सतरा रिकामी घरं

मित्रांनो, आधी हात पुसा आणि मगच पान उलटा. मी एक जुनी वही आहे, स्वरलिपीची, हाताने लिहिलेली, अकरा पानांची. माझ्यात गोष्ट नाही आणि पुरतं संगीतही नाही. चौघांनी मिळून वाजवायच्या एका रचनेतला एकाच वाद्याचा भाग तेवढा माझ्यात आहे. ते वाद्य म्हणजे व्हायोला, व्हायोलिनचा जरा थोराड, घोगऱ्या आवाजाचा भाऊ. माझ्यावरून कोणाला सबंध रचना कळायची नाही, पण माझ्यावाचून ती वाजायचीही नाही. असं माझं अर्धंमुर्धं जिणं आहे.

माझा जन्म स्वयंपाकघरातल्या टेबलावर झाला. संगीतकाराने चारही वाद्यांचं संगीत एकाखाली एक लिहून ठेवलं होतं, त्याला मोठी प्रत म्हणत. तिच्यावरून प्रत्येक वाद्याची वेगळी वही उतरवून काढायचं काम त्याच्या लेकीचं. तिचं अक्षर म्हणजे मोत्याचे दाणे! उगीच सांगत नाही, अजून बघा माझ्याकडे.

आमच्या ओळी उभ्या रेघांनी घराघरांत वाटलेल्या असतात. ज्या घरांत आपल्याला काही वाजवायचं नसतं, ती नुसती मनात मोजायची. किती, तो आकडा लिहिलेला असतो. रचनेच्या तिसऱ्या भागात माझ्या वाट्याला अशी अठरा रिकामी घरं होती. सतराव्या घराशी बाकीचे तिघेही थांबत. अठराव्या घरात सगळीकडे सामसूम. मग चौघांनी एकदम सुरू करायचं.

लेक ती घरं मोजत होती, तेवढ्यात आतल्या खोलीत आजारी आईला ठसका लागला. ती धावत गेली, पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. परत आली आणि शाईने सतराचा आकडा लिहून मोकळी झाली.

पहिला सराव बाहेरच्या खोलीत होता. व्हायोला वाजवायला एक उंच, किडकिडीत गृहस्थ होते. त्यांना सगळे लांबुटके काका म्हणत. सतराव्या घराशी तिघे थांबले आणि काका एकटेच सुरू झाले. एकच लांब, खालचा सूर.

“अहो, एवढी कसली घाई? गाडी चुकतेय का तुमची?” व्हायोलिनवाले म्हणाले.

“वहीत सतरा आहेत, मी सतरा मोजली. माझ्यावर का डाफरता?” काका म्हणाले.

लेकीने मोठी प्रत पाहिली आणि तिचा चेहरा खर्रकन उतरला. “बाबा, माझंच चुकलं. मी आईकडे गेले होते ना, तेव्हाच...”

बाबांनी हात वर करून दोघांनाही थांबवलं. मग म्हणाले, “काका, परत वाजवा बघू. तसंच.” काकांनी वाजवलं. बाबांनी कानामागची पेन्सिल काढली आणि माझ्यावर लिहिलं, ‘बरोबर आहे. एकट्यानेच सुरू करा. बाकीचे येईपर्यंत स्वर सोडू नका.’ इतकं दाबून लिहिलं, की मला चांगलंच लागलं.

“मोठ्या प्रतीत उद्या घालतो,” ते लेकीला म्हणाले. दुसऱ्या दिवशी आई गेली. तो उद्या राहिला तो राहिलाच.

त्यानंतर तीस वर्षं मी वाजले, मित्रांनो! काकांनंतर तीन वादक झाले. वादकांनी आमच्यावर शाईने लिहायचं नाही असा दंडक असतो, म्हणून प्रत्येकाने पेन्सिलीने काहीबाही खरडलं. ‘इथे झोपू नका’, ‘चष्मा!’, ‘व्हायोलिनवाला पळतो, धरा त्याला’. पण बाबांच्या ओळीला कोणी हात लावला नाही. ते घर आलं की सभागृहात खोकणारेसुद्धा खोकायचे थांबत. मला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला आणखी काय हवं? लेक दर वेळी मागच्या रांगेत बसायची आणि तेवढ्या वेळापुरते डोळे मिटून घ्यायची. लोकांना तो एक सूर होता. तिला तो आईला पाणी दिल्याचा वेळ होता. पुढे ती काठी टेकत यायला लागली, आणि मग यायची थांबली.

मग ही रचना छापली गेली. छापणाऱ्यांनी मोठी प्रत पुढे ठेवली आणि तिच्यात अठराच होती. कोऱ्या करकरीत छापील वह्या आल्या आणि आम्हाला सभागृहाच्या ग्रंथालयात धाडलं. तिथल्या बाई भारी शिस्तीच्या. परत आलेल्या वहीवरच्या पेन्सिलीच्या खुणा खोडून ती स्वच्छ करून ठेवायची, हा नियम. त्यांनी रबर घेतलं आणि सगळं साफ केलं. चष्मा गेला, झोप गेली आणि बाबाही गेले. बाईंनी नियमच पाळला होता, पण मी काही संत नाही. मी त्यांना मनातल्या मनात शिव्यांची लाखोली वाहिली.

माझं वरचं पान तेव्हा फाटून गेलं होतं. बाईंनी ‘व्हायोला’ एवढं वाचलं आणि मला भलत्याच संगीतकाराच्या खोक्यात घातलं. तो माझ्या बाबांपेक्षा शंभर वर्षं आधीचा, राजेरजवाड्यांच्या पदरी असलेला. त्याच्या वहीत व्हायोला म्हणजे निव्वळ हुजऱ्या. व्हायोलिनने काही म्हटलं की आपण मागून ‘जी हुजूर, जी हुजूर’ करायचं. वरच्या फळीवर त्याच्याही आधीच्या काळातली मंडळी होती. त्यांच्याकडे सगळ्या आवाजांना सारखा मान, एकाने बोलायला घेतलं की दुसरा तेच पुढे नेणार. खालच्या फळीवर वादळी काळातले रडणारे-ओरडणारे. आणि अगदी तळाशी अलीकडचे, ज्यांनी व्हायोलावाल्यांना लाकडावर टकटक करायला लावलं. एवढ्या काळांच्या गर्दीत मी चाळीस वर्षं एकटी पडून होते. ओळखीचं एक पान नाही. माझे तीन सोबती कुठे असतील, या विचाराने जीव कासावीस व्हायचा. त्याहून मोठी भीती एकच होती. मी सापडले आणि कोणी ते सतरा दुरुस्त केले, तर लेकीचं ते घर कायमचं जाईल.

एका सकाळी खोकं उघडलं. व्हायोला वाजवणाऱ्या एक ताई त्या राजेरजवाड्यांच्या संगीतकाराची रचना शोधत होत्या. त्यांनी माझी पहिली ओळ गुणगुणली आणि ओरडल्याच, “अगंबाई, ही तर आपलीच!” त्यांची चौकडी आमचीच रचना बसवत होती आणि छापील व्हायोलाची वही कोणीतरी नेऊन गिळंकृत केली होती.

सरावाला तेच झालं. तिघे थांबले, ताई एकट्या सुरू झाल्या.

“ताई, एक घर आधी आलात,” व्हायोलिनवाले म्हणाले. त्यांना बाकीचे कॅप्टन म्हणत.

“हिच्यात सतरा आहेत, कॅप्टन.”

“आमच्या सगळ्यांच्यात अठरा. उतरवणाऱ्याची चूक. करून टाका दुरुस्त.”

ताईंनी पेन्सिल उचलली. माझी पाचावर धारण बसली! आकडा नीट दिसावा म्हणून त्यांनी मला स्टँडवरच्या दिव्याजवळ तिरपं धरलं, आणि त्यांचा हात थांबला. “इथे काहीतरी दाबून लिहिलेलं दिसतंय,” त्या म्हणाल्या. त्यांनी पेन्सिल आडवी धरून माझ्यावर हलकेच घासली. कागद काळवंडला आणि खड्ड्यांतली अक्षरं पांढरी उरली. ताईंनी तीनही वाक्यं मोठ्याने वाचली.

कॅप्टननी आपलं व्हायोलिन मांडीवर ठेवलं. “परत घेऊ,” ते म्हणाले, “सतरा.”

आणि तो सूर वाजला, मित्रांनो. चाळीस वर्षांनी.

आता नव्या छापील वह्यांत ते घर बाबांच्या ओळीसकट आलं आहे. मला माझ्या सोबत्यांशेजारी, योग्य खोक्यात ठेवलं आहे. म्हणजेच आता मला बाहेर काढायचं कोणाला कारणच उरलं नाही. खोटं कशाला बोलू, वाईट वाटतं. सोबती तिघे आहेत, पण वाजवणारं कोणी नसलं की चौघंही मुकेच.

एवढंच मागते. जुन्या कागदावर रबर फिरवण्याआधी तो एकदा उजेडात तिरपा धरा. आणि कधी या फळीपाशी आलात, तर माझ्या खोक्याचं झाकण उघडा. मी सतरा घरं मोजून कधीच सुरू केलं आहे. बाकीचे येईपर्यंत स्वर सोडायचा नाही, असं बाबांनी मला दाबून सांगितलं आहे.