बारापैकी बारा

टेबलावर बारा ट्रे होते. प्रत्येक ट्रेत तीन कागदी कप, म्हणजे एकूण छत्तीस. प्रत्येक कपात तीस मिलिलिटर टोमॅटो सूप. शेजारी साध्या पाण्याचा जग, चूळ टाकायला स्टीलचं भांडं, आणि या सगळ्यासमोर पाठ ताठ करून बसलेले मीठमामा.

"नऊशे बारा," शेवटच्या ट्रेतल्या मधल्या कपावरचा आकडा वाचून तो पुढे सरकवत ते म्हणाले. "यात मीठ कमी. आणखी काही विचारायचंय, की जाऊ भांडी धुवायला?"

मी यादी पाहिली. बाराही उत्तरं बरोबर होती.

मामा आमच्या अन्नविज्ञान विभागाचे प्रयोगशाळा सहायक. एकतीस वर्षांची नोकरी, निवृत्तीला दोन महिने बाकी. एकदा म्हणे त्यांनी नमुना चाखून तराजू बिघडल्याचं सांगितलं होतं, आणि तराजू खरोखरच बिघडलेला निघाला. तेव्हापासून ते मीठमामा. चाखणाऱ्यांची यादी कोणीही करो, पहिलं नाव त्यांचं.

माझा या सत्राचा स्वतंत्र अभ्यास सुपातल्या मिठावर होता. मीठ एक दशांशाने कमी केलं तर लोकांना कळतं का? प्रत्येक ट्रेत दोन कप सारखे, एक कमी मिठाचा, तो ओळखायचा. काहीच न कळता नुसतं बोट ठेवलं तरी तीनपैकी एक उत्तर बरोबर येतं, म्हणजे बारापैकी चार. बाकीच्या आठ जणांची बरोबर उत्तरं पाच ते आठच्या दरम्यान आली होती.

दर गुरुवारी माझ्या मार्गदर्शक मॅडम वहीवर सही करत. 'स्वतंत्र' या शब्दाचा त्यांचा अर्थ ठरलेला होता : "चुका तुझ्या, सही माझी."

त्या गुरुवारी सहीचं पेन हवेतच थांबलं.

"बारापैकी बारा? अगं, आपला तराजूसुद्धा इतकं खरं बोलत नाही."

"मामा आहेत, मॅडम."

"मामा आहेत म्हणूनच म्हणते. माझं लग्न झालं तेव्हापासून ओळखते त्यांना. अकराच्या वर कधी गेले नाहीत. पुन्हा बघ."

पुन्हा बघायला कप शिल्लक होते, कारण मॅडमची सही होईपर्यंत कप टाकायचे नाहीत हा मामांचाच नियम. मी ते धुऊन खिडकीशी ओळीने मांडले. चोवीस कपांवरचे आकडे काळे होते. बारा कपांवरचे काळेच, पण उजेडात किंचित जांभळे. मग आठवलं. मामांची पाळी सगळ्यात शेवटी होती. आकडे लिहिताना माझं पेन संपलं आणि कमी मिठाच्या कपांसाठी मी ड्रॉवरमधलं दुसरं घेतलं.

चूक माझी होती. पण ती वाचली कोणी?

मामा दारात उभे होते, हातात ओलं फडकं. खिडकीतली रांग त्यांनी पाहिली आणि स्टूल ओढून बसले.

"सापडलं म्हणायचं," ते म्हणाले.

"मामा, तुम्ही चाखून नाही सांगितलंत?"

"पहिले दोन ट्रे चाखले. कोमट पाणी प्यावं तसं. तिसऱ्याला शाई दिसली, मग मागच्या दोन्हींची उत्तरंही तिच्यावरूनच दिली." फडक्याची घडी घालून त्यांनी ती गुडघ्यावर ठेवली. "हिवाळ्यात ताप आला होता ना? ताप गेला, जाताना हे घेऊन गेला. वास नाही, चव नाही."

"डॉक्टर?"

"म्हणाले, येईल. त्यालाही पाच महिने झाले."

"आणि मामींना?"

मामा हसले. "तिला काय सांगू? ताटात पडेल ते 'छान झालंय' म्हणतो. परवा माहेरी फोनवर सांगत होती, चाळीस वर्षांनी माणूस सुधारला, जेवणाला नावं ठेवत नाही. एवढी खूश आहे की खरं बोलायची सोय उरली नाही."

मलाही हसू आलं. मग आलं नाही.

"मामा, मी लिहिते की पेन बदललं म्हणून ही फेरी रद्द. आठ जण पुरतात मला. बाकी कोणाला काही कळायची गरज नाही."

"आणि पुढच्या पोराचा अभ्यास? त्याच्या यादीत पण पहिलं नाव माझंच असणार. माझ्या बारांवर तो काय वाट्टेल ते सिद्ध करेल." ते उठले. "उद्या परत घे. एकाच पेनाने लिही. कोण जाणे, तीन दिवस झाले, चहा जरा चहासारखा लागतोय."

"खरंच?"

"वाटतंय तसं. म्हणून तर म्हणतो, घे."

दुसऱ्या दिवशी मी छत्तीस कपांवर एकाच पेनाने आकडे टाकले. मामांनी नवा डगला घातला होता. चष्मा काढून त्यांनी खिशात ठेवला. प्रत्येक घोट तोंडात धरून ते डोळे मिटत, चूळ भरत, पुढचा कप घेत. एरवी वीस मिनिटांचं काम, पन्नास लागली. सातव्या ट्रेपाशी त्यांनी एक कप परत उचलला, पुन्हा चाखला, आणि लहान मुलासारखे पुटपुटले, "हाच. हाच असेल."

बारावं उत्तर देऊन ते टेबलाला धरून उभे राहिले. मी यादी उघडली, एकेक आकडा ताडून पाहिला. मग दुसऱ्यांदा पाहिला.

"पेन्सिल ठेव खाली," मामा म्हणाले. "शाईने लिही. आणि जुनं गिरवून टाकायचं नाही, खालचं वाचता आलं पाहिजे. शिकवलंय ना तुला?"

मी आधीच्या नोंदीवर एकच आडवी रेघ मारली, बाजूला तारीख आणि सही केली. खाली नवी ओळ लिहिली.

एकूण ट्रे : १२. बरोबर : ४.