चार वाजताची मालिका

ती मालिका कुठल्याच चॅनेलवर लागत नव्हती, हे आम्हाला कळायला सात महिने लागले. आणि कळलं तोवर तिचा सगळ्यात वाईट भाग मी लिहून बसलो होतो.

आम्ही म्हणजे दर रविवारी सकाळी वाचनालयाच्या मागच्या खोलीत जमणारे हौशी लेखक. मास्तर निवृत्त भूगोल शिक्षक; दहा वर्षं एकच कादंबरी लिहितायत आणि तिचा नायक अजून चौथीतच आहे. नर्सबाई भुताच्या गोष्टी लिहितात, कारण त्यांच्या मते दवाखान्यात सगळ्यात कमी त्रास भुतांचा होतो. केकताई बेकरीत केकवर नावं घालतात आणि चार ओळींच्या कविता करतात. मी लिफ्ट दुरुस्त करतो, म्हणून मला सगळे मिस्त्री म्हणतात. मी कथा लिहितो, त्याही कलाटणीच्या. शेवटी वाचणारा दचकला नाही तर माझा दिवस फुकट जातो.

खरं सांगायचं तर लिहिणं नावाला, गप्पाच फार. गाण्याच्या स्पर्धेतला तो परीक्षक दर शनिवारी बरोबर जाहिरातीच्या आधी कसा रडतो, यावर नर्सबाई अर्धा तास बोलू शकतात. "डोळ्यात थेंब घालतो हो तो! मी रोज घालते लोकांच्या डोळ्यात, मला नका सांगू." मग मास्तर जावयाने आणलेल्या नव्या टीव्हीची तक्रार करणार, म्हणजे खरं तर जावयाची. मग कुणाच्या बेसिनचा नळ गळतोय, कुठल्या नटाने तिसरं लग्न केलं, असं करत करत अकरा वाजायचे.

त्यातूनच आमचा 'पुढचं पान' हा खेळ निघाला. कुणी एकाने पाहिलेल्या सिनेमाची किंवा मालिकेची गोष्ट अडलेल्या जागेपर्यंत सांगायची. बाकीच्यांनी दहा मिनिटांत पुढचा प्रसंग लिहायचा आणि वाचून दाखवायचा. ज्याला टाळ्या जास्त, त्याला केकताईंनी आणलेल्या बिस्किटांतलं शेवटचं बिस्कीट. ते बिस्कीट बहुतेक वेळा मीच खायचो. हे मी आता मिरवण्यासाठी सांगत नाहीये.

केकताई फार बोलायच्या नाहीत. पण एका रविवारी त्या म्हणाल्या, "मी एक मालिका बघते, दुपारी चारला लागते. सांगू?" कुठल्याशा दुसऱ्या भाषेतली आहे, आपल्या भाषेत आवाज घातलेत, नाव काही लक्षात राहत नाही, म्हणाल्या. आम्ही कुणी खोलात गेलो नाही. आमच्यात ऐकणाऱ्यांपेक्षा बोलणारेच जास्त.

गोष्ट अशी. एक म्हातारा बाप, त्याच्या दोन मुली. धाकटी भांडून घर सोडून गेलेली, सहा वर्षं तिचा पत्ता नाही. मोठी बापाला सांभाळते. त्याचं खाणंपिणं, औषधं, अंघोळ सगळं तीच करते. पण बापाच्या तोंडात नाव धाकटीचं. "फोन आला का तिचा?" दिवसातून दहा वेळा. मोठीने धाकटीचा नंबर मिळवून गयावया केली, तर धाकटी म्हणाली, "त्या घराशी माझा संबंध संपला." मग एक दिवस मोठी स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला, आणि मोबाईलवरून बाहेरच्या खोलीतल्या फोनवर फोन लावला. धाकटीसारखा बारीक आवाज काढून म्हणाली, "बाबा, मी बोलतेय." बाप रडला. त्या दिवशी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या त्याने. तेव्हापासून रोज दुपारी चारला धाकटीचा फोन यायला लागला.

सात महिने आम्ही या मोठीची यथेच्छ टर उडवली. नर्सबाई म्हणायच्या, "काय बावळट बाई आहे! एक दिवस तरी स्वतःच्या आवाजात दोन शब्द बोलून घे की." मास्तरांचं म्हणणं, लेखकाला गोष्ट पुढे नेता येत नाही, म्हणून पाणी घालतोय. आणि मी? मी तर तिला मारायलाच निघालो होतो. "हिला एखादा अपघात करा," मी म्हणालो होतो, "म्हणजे फोन बंद पडेल आणि मग बापाला कळेल सेवा कोण करत होतं." सगळे हसले. केकताईही हसल्या होत्या. ते हसू आठवलं की आता मला कुठे तोंड लपवू असं होतं.

मग त्या एकदा म्हणाल्या, "आता मोठी फार थकलीये. काल बाप फोनवर धाकटीला म्हणाला, तू ये गं, मोठीच्या हाताला चव नाही, मोठी चिडकी आहे. आणि हे सगळं तिने ऐकायचं, आणि धाकटीच्या आवाजात हसायचं. तिने आता काय करावं?"

आम्ही कागद ओढले. मला तर दहा मिनिटंही लागली नाहीत. मी लिहिलं: मोठी बोलता बोलता नळ बंद करते. मोबाईल कानाला लावूनच बाहेर येते आणि बापासमोर बसते. बापाच्या हातात रिसीव्हर. ती हळूहळू आवाज आपल्या मूळ आवाजावर आणते आणि म्हणते, "बाबा, मीच." बाप तिच्याकडे बघतो. रिसीव्हर खाली ठेवतो. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणतो, "मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, पोरी."

नर्सबाईंनी डोळे पुसले, थेंब न घालता. टाळ्या पडल्या.

केकताईंनी मात्र टाळी वाजवली नाही. त्यांनी विचारलं, "खरंच माहीत असेल का हो त्याला?"

"म्हणजे काय!" मी बिस्कीट उचलत म्हणालो. "बापाला आपल्या पोरीचा आवाज कळत नाही होय? फक्त ती कधी सांगते याची वाट बघतोय तो."

"आणि नसेल माहीत तर?"

"असणारच. नाहीतर गोष्टीला शेवट काय?"

त्यांनी तो कागद माझ्याकडून मागून घेतला, नीट घडी घालून पर्समध्ये ठेवला. माझा कागद कुणी जपून ठेवतंय म्हणून मी घरी बायकोलाही सांगितलं.

त्यानंतर तीन रविवार केकताई आल्या नाहीत. बिस्किटं नाहीत म्हणून मास्तर कुरकुरले, तेवढंच. चौथ्या आठवड्यात बेकरीच्या शेजारच्या इमारतीत माझं लिफ्टचं काम निघालं, म्हणून मी डोकावलो. त्या काचेमागे उभ्या होत्या, हातात क्रीमची पिशवी, केकवर कुणाचं तरी नाव घालत होत्या.

"काय हो केकताई, दडी मारलीत! मालिकेत काय झालं? म्हातारा काय म्हणाला शेवटी?"

त्यांनी नाव पूर्ण केलं. वर बघितलं नाही. "म्हातारा तीन आठवडे माझ्या हातचं जेवत नाहीये. शेजारच्या काकू येऊन भरवतात."

मला आधी काही कळलंच नाही. मी वेड्यासारखा अर्धवट हसतच होतो.

"मालिका नव्हती ती, मिस्त्री," त्या म्हणाल्या. "तुम्ही लिहिलं होतं तसंच केलं मी. नळ बंद केला, बाहेर आले, समोर बसले. म्हटलं, बाबा, मीच. ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, ती कुठाय?"

उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय! सात महिने जिला आम्ही बावळट म्हणत होतो, ती तिथेच बसून आम्हाला बिस्किटं देत होती. मी काहीतरी बोललो. माफ करा, मला कल्पना नव्हती, असलंच काहीतरी. घरी येऊन भेटतो, म्हणालो.

"या की," त्या म्हणाल्या. "शेवट बघायची तुम्हाला हौसच आहे."

हे बोलावणं नव्हतं, हे मला कळत होतं. तरी मी गेलो. मनाला टोचणी लागली की माणूस समोरच्याला नाही, स्वतःला बरं वाटावं म्हणून धावत सुटतो. दुसऱ्या दिवशी कामावरून थेट गेलो, निळा शर्ट, खिशाला टेस्टर, खांद्यावर हत्यारांची पिशवी, तसाच.

दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी खुर्ची, खुर्चीशेजारी स्टुलावर मोठ्या आकड्यांचा फोन, आणि त्यावर हात ठेवून बसलेले आजोबा. केकताईंनी दार उघडलं आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. मी जोडे काढेपर्यंत आजोबांचा चेहरा उजळला.

"फोनवाले ना तुम्ही? या, या. बरं झालं आलात. तीन आठवडे बंद आहे."

मी केकताईंकडे बघितलं. त्या जमिनीकडे बघत होत्या.

"जवळ या, सांगतो," आजोबा आवाज खाली आणून म्हणाले. पण ज्यांना कमी ऐकू येतं त्यांचा खालचा आवाज सगळ्या घराला ऐकू जातो. "मोठीने काहीतरी केलंय वायरला. धाकटी रोज फोन करायची मला, चारच्या ठोक्याला. हिला ते बघवत नव्हतं. लहानपणापासून हेवा करते तिचा. आणि आता म्हणते काय, तो आवाज माझाच होता! बापाला आपल्या पोरीचा आवाज कळत नाही होय?"

माझंच वाक्य. शब्दाला शब्द. मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं.

"बघा ना जरा," ते म्हणाले.

मी रिसीव्हर उचलून कानाला लावला. फोनला काहीही झालेलं नव्हतं, आवाज खणखणीत येत होता. फोन चांगला आहे म्हणावं, तर धाकटी फोन करत नाही हे त्यांना आज माझ्या तोंडून कळणार. बिघडलाय म्हणावं, तर तो मोठीनेच बिघडवला. आजोबा माझ्या तोंडाकडे बघत होते. पाठीमागे केकताईही बघत असणार.

"बिघाड बाहेरचा आहे, आजोबा," मी म्हणालो. "रस्त्यावरच्या खांबावरचा. घरातल्या कुणाचा हात नाही त्यात."

"घरातल्या कुणाचाच नाही?"

"कुणाचाच नाही. लिहून देतो."

त्यांनी माझ्या हातातून रिसीव्हर घेतला. मग दाराकडे वळून, किंचित ओशाळून म्हणाले, "मोठे, ऐकलंस का? खांबावरचा आहे म्हणतात. मी आपला उगाच तुला..." त्यांनी रिसीव्हर जागेवर ठेवला. "जेवायला वाढ गं. भूक लागलीये."

केकताई आत गेल्या. ताट वाढल्याचा आवाज आला. तीन आठवड्यांनी त्या घरात बाप मुलीच्या हातचं जेवणार होता, आणि सांगायला लाज वाटते, पण माझी छाती फुगली. जमलं, असं वाटलं. टाळ्या पडायच्या तेव्हा वाटायचं अगदी तसंच.

"कधीपर्यंत होईल दुरुस्त?" आजोबांनी विचारलं.

"परवापर्यंत," मी म्हणालो. लिफ्ट बंद पडली की लोक हेच विचारतात आणि मी हेच सांगतो. जिभेला सवय.

"मग परवा चारला येईलच तिचा," ते म्हणाले आणि फोनवरची धूळ हाताने पुसायला लागले.

केकताई ताट घेऊन आल्या, ते आजोबांच्या मांडीवर ठेवलं, पहिला घास मोडून दिला. आजोबांनी खाल्ला. मग त्या मला सोडायला दारापर्यंत आल्या. मी जोड्यांत पाय घालत म्हणालो, "जेवले तरी."

"जेवले," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "आता परवा चारला मी काय करू, तेवढं सांगून जा. फोन केला, तर ते आहेत तोवर मला धाकटीच राहायचंय. नाही केला, तर पुन्हा वायर मीच तोडली. तुम्ही बोलून मोकळे होता, मिस्त्री. घरात मी असते."

 मी पिशवीचा पट्टा धरून तसाच उंबऱ्यात उभा राहिलो.

आतून आजोबांची हाक आली, "मोठे, गेले का गं ते फोनवाले?"

"गेले, बाबा," केकताई म्हणाल्या, आणि त्यांनी माझ्या तोंडावर हळूच दार लावून घेतलं.