ओव्याची धुरी

द्वारका चौकामागच्या चाळीत अक्काबाईच्या दोन खोल्या. आतल्या खोलीत बाजेवर तिची लेक रोशनी, कुशीत आठ दिवसांची मुलगी आणि बाजेखाली कोळशाची शेगडी. शहाण्णव सालचा डिसेंबर, नाशिकची थंडी हाडात शिरत होती. बाळंतिणीला वारा लागू द्यायचा नाही, एवढं एकच शास्त्र अक्काबाईला ठाऊक आणि ते ती जीव तोडून पाळत होती. खिडकीच्या फटींत तिनं जुन्या लुगड्याच्या चिंध्या कोंबल्या होत्या.

त्या सकाळी वखारीत लाकडी कोळसा संपला होता, म्हणून तिनं दगडी आणला. पेटवला तसा असा उग्र दर्प सुटला की रोशनीला मळमळायला लागलं. डोकं ठणकतंय, जरा खिडकी उघड, असं ती दोनदा म्हणाली. अक्काबाईनं तिला दटावलं. वारा लागून पोरगी आजारी पडली तर सासरचे काय म्हणतील? तिनं निखाऱ्यांवर मूठभर ओवा टाकला, वर चिमूटभर ऊद. घटकाभरात दर्प दबला, खोली कशी देवघरासारखी घमघमली. पोरगी उगीच लाडावलीय, असं पुटपुटत अक्काबाई दार ओढून भाकरी थापायला गेली. मन मात्र थाऱ्यावर नव्हतं. तीनदा ती दारापर्यंत आली आणि तीनदा परत फिरली. दार उघडलं की ऊब जाते ना.

चौथ्यांदा उघडलं तेव्हा रोशनी बाजेवरून अर्धी खाली लोंबत होती. बाळ हलत नव्हतं.

रोशनी दवाखान्यात दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आली. बाळ गेलं. डॉक्टरीणबाईंनी अक्काबाईला बाजूला घेऊन समजावलं, की कोंडलेल्या खोलीत कोळशाचा जो वायू माणूस मारतो, त्याला वासच नसतो. ओव्यानं नुसता दर्प झाकला, वायू होता तिथंच राहिला. पोरीचं डोकं ठणकत होतं, तीच काय ती सूचना होती. अक्काबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि हात जोडून म्हणाली, हे कुणाला सांगू नका.

सहा दिवस ती गप्प राहिली. दृष्ट लागली म्हणून चाळ मोकळी झाली. सातव्या दिवशी नामपूरहून विहीणबाई आल्या, नवसाबाई. पोरगी पांढऱ्या पायाची निघाली, आमच्या मुलाचं, धनराजचं, दुसरं लग्न बघावं लागेल, असं त्या चहा घेता घेता बोलल्या. रोशनी भिंतीशी मान खाली घालून बसली होती. बिचारीला ते खरंच वाटत होतं.

अक्काबाई उठली, बसली, पुन्हा उठली. लेकीचं नाव वाचवायचं तर स्वतःचं जाणार. हिनं नात मारली, असं लोक जन्मभर म्हणणार.

"विहीणबाई, तिचा दोष नाही," ती म्हणाली. "खिडकी मी बुजवली. ती उघड म्हणत होती, मी उघडली नाही. ओवा टाकून वास दाबला अन् पोर गेली. बोलायचं ते मला बोला."

मग तिनं डॉक्टरीणबाईंचं सगळं सांगितलं, डोकेदुखीसुद्धा. आता शिव्या पडणार म्हणून ती मान खाली घालून उभी राहिली. पण नवसाबाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मनी लेक निकिताबी बाळंतीण, घरी बाजवर शे," त्या कशाबशा म्हणाल्या. "कालपासून डोकं दुखस म्हणे. मीच सांगितलं, शेगडीत ओवा टाका."

आधी उठली ती रोशनी. फोन लावा, एवढंच म्हणाली. दोघी विहिणी अनवाणीच नाक्यावरच्या एसटीडी बूथकडे धावल्या. दोनदा लाइन लागली नाही. तिसऱ्यांदा घंटा वाजली, वाजतच राहिली. शेवटी पलीकडून कुणीतरी फोन उचलला, आणि नवसाबाई नुसतं 'हॅलो, हॅलो' करत राहिल्या. अक्काबाईनं त्यांच्या हातातून फोन ओढून घेतला आणि रस्त्यावरची माणसं थबकतील अशा आवाजात म्हणाली,

"आधी खिडकी उघडा. मी कोण ते मग विचारा."